डेहनकर माप

आमच्या संस्थेत एखादी वस्तू केसाचंही अंतर न ठेवता जागेवर बसली, की तिला ‘डेहनकर माप’ म्हणत. खिडकीची काच चौकटीत टक्क बसली, डेहनकर माप. कॅन्टीनवाल्याच्या चहात साखर नेमकी पडली, डेहनकर माप. आमच्यातल्या एका मास्तरांच्या मुलीला मनासारखं स्थळ मिळालं, तेव्हा पेढे वाटताना त्यांनीही हेच दोन शब्द वापरले होते. पुढे या शब्दांचा अर्थ पार उलटा झाला. तो उलटा होताना मी तिथेच होतो आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

डेहनकर सर नागपूरच्या आमच्या त्या तांत्रिक संस्थेत पत्रेकाम शिकवायचे. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. सर उंच आणि हाडकुळे. बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि लोक जिथे पेन अडकवतात त्या खिशात जाडी मोजायचं व्हर्निअर. हे व्हर्निअर कधी बाहेर निघेल याचा नेम नसे. एकदा जेवताना त्यांनी माझ्या डब्यातली पोळी चिमटीत धरली, मोजली आणि गंभीरपणे सांगितलं, “गावंडे, वहिनीले सांगा, कडेनं जाड होऊन राहिली.” मी गाढवासारखा घरी जाऊन तसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डब्यात फक्त भाकरी आली.

त्यांच्या वर्गात ‘अंदाजे’ हा शब्द चालत नसे. ज्याच्या तोंडून तो निघेल त्याला ते तासातून उठवून बाहेर कडुनिंबाखाली उभं करत. “अंदाज भाजीत मीठ टाकाले वापरत जा,” म्हणत. “पत्र्याले अंदाज समजत नाई.” पोरं मागून नक्कल करायची, पण नोकरीला लागली की पहिल्या पगाराचे पेढे याच माणसाला आणून द्यायची.

असा हा माणूस विमान बनवत होता. आणि गंमत अशी की त्याला उंचीची भयंकर भीती होती. संस्थेच्या गच्चीवर झेंडावंदन असे तेव्हा सर जिन्यातल्या शेवटच्या पायरीवर उभं राहून, भिंत धरून सलामी देत. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, “मले उंचीची भीती आहे गा, इमानाची नाई.” मग विमान काहून बनवता, असं विचारल्यावर त्यांनी साधं उत्तर दिलं. “कुलर बनवले, धान्याच्या कोठ्या बनवल्या, पाण्याच्या टाक्या बनवल्या. पत्र्याचं मंग राह्यलं काय होतं?”

शहराबाहेर वाडीला ट्रकवाल्यांच्या गोदामांमागे त्यांनी एक शेड भाड्यानं घेतली होती. संस्था सुटली की सर तिकडे. मुलगी लहान असतानाच पत्नी वारलेली. सीमा, त्यांची एकुलती एक मुलगी, त्या शेडमध्येच अभ्यास करत मोठी झाली. वर छताला पंखांचे सांगाडे टांगलेले, खाली ती पाढे म्हणते आहे आणि सर कानशीनं नळी घासताहेत, हे मी अनेकदा पाहिलं आहे. माल उतरवायला आलेले ड्रायव्हर दारात उभे राहून विचारत, “मास्तर, ये उडेगा क्या?” सर मान वर न करता म्हणायचे, “उडेल का ते नका इचारू. उतरेल का ते इचारा.”

ते उडवणार होते अरुणभाऊ काळबांडे. हे खापा गावचे, सरांचे शाळेपासूनचे मित्र. स्वभावानं सरांच्या अगदी उलट. मोठ्यानं बोलणार, मोठ्यानं हसणार, दुसऱ्याच्या ताटातलं लोणचं उचलणार. तरुणपणी परगावच्या एका क्लबात ते ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान चालवायला शिकले होते. मग वडील गेले, शेती अंगावर आली आणि आकाश राहून गेलं. मोडीत निघालेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन, अॅल्युमिनियमच्या नळ्या, पत्रा, कापड आणि सागवानातून कोरलेला पंखा, असं एका माणसापुरतं ते विमान सरांनी खरं तर अरुणभाऊंसाठीच बनवलं, असं मला नेहमी वाटत आलं आहे. परवानगीचे अर्ज गेले होते, उत्तर येत नव्हतं. उत्तर येईपर्यंत हात बांधून बसण्याइतका धीर दोघांनाही नव्हता.

धावपट्टी म्हणजे अरुणभाऊंचं कन्हान नदीच्या बाजूचं शेत. आणि घोळ इथेच होता. गहू निघाला की ते शेत मोकळं होई, ते पेरणीपर्यंत. म्हणजे विमान बाहेर काढायचं ते फक्त उन्हाळ्यात. आमचा उन्हाळा कसा असतो हे नागपूरकराला सांगायला नको. तापलेली हवा पातळ होते, पातळ हवा पंखांना उचलत नाही आणि इंजिनालाही पुरत नाही. सर मला समजावायचे, “घट्ट दह्यात चमचा उभा राह्यते ना? पातळ ताकात राह्यते का? बस, तेच.” म्हणून त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडायची अरुणभाऊंचीही टाप नव्हती. उजाडताना उडायचं आणि ऊन शेतात उतरलं की विमान झाडाखाली.

दुसरी काळजी वजनाची. उन्हाळ्यात उडायचं म्हणून ते प्रत्येक तुकडा तोलून घेत. एका फेब्रुवारीत त्यांनी सगळं विमान सुटं करून टेम्पोत घातलं आणि कळमन्याच्या बाजारात नेलं. तिथे त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची अडत होती आणि तिथला काटा सरांच्या मते शहरात सर्वांत खरा. संत्र्यांच्या ढिगांमध्ये पंख, शेपूट, चाकं एकेक करून काट्यावर चढत होती. हमाल गोळा झाले. एकानं विचारलं, “मास्तर, हे कोणतं पीक होय?” शेवटी सरांनी अरुणभाऊंनाच काट्यावर उभं केलं. चपला घालून एकदा, चपला काढून एकदा. त्यांच्या हातातलं सोलून धरलेलं संत्रं सरांनी काढून घेतलं, तेव्हा अरुणभाऊ ओरडले, “अरे, थे तं पोटातच जाणार हाय ना गा!” सर म्हणाले, “मंग खाऊन ये, पुन्हा मोजतो.” आणि खरोखर पुन्हा मोजलं. त्या दिवशी बाजार हसून हसून बेजार झाला होता. हे एवढ्यासाठी सांगितलं, की त्या विमानाचं वजन डेहनकर सरांना स्वतःच्या नाडीसारखं ठाऊक होतं.

पहिला उन्हाळा बेडूकउड्यांचा गेला. जमिनीवरून उचलायचं, थोडं पुढे जाऊन टेकवायचं. मी दोनदा गेलो होतो. नदीकडून गार हवा येत असायची, अरुणभाऊंच्या पत्नी कुसुमताई थर्मासमधून चहा घेऊन येत, आणि ते वेडंबागडं यंत्र धुरळा उडवत सुटायचं. चाकं आणि जमीन यांच्यात फट दिसली की सर श्वास सोडायचे. ते विमानाकडे फारसं बघायचेच नाहीत. डोळे मिटून इंजिन ऐकत उभे राहायचे. खाली उतरल्यावर अरुणभाऊ त्यांना मिठी मारायचे आणि सर अवघडून म्हणायचे, “डावीकडचा नट पाह्य पहिले.” त्या सकाळी मी दोन सुखी माणसं पाहिली. आयुष्यात अशी फार पाहायला मिळत नाहीत.

त्याच वर्षी हिवाळ्यात सीमाचं लग्न झालं. जावई नितीन नागपूरचाच, ठेकेदारीत चांगला जम बसलेला, गप्पिष्ट, दिसायला उमदा. पण माणसं मानापानाची. संक्रांतसणाला पंगतीत जावयाच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी ताटात वाढलं गेलं. एवढ्यावरून तो न जेवता उठला आणि पुढे महिनाभर सीमाचा माहेरी फोन नाही. सर त्या महिन्यात निम्मे झाले. पत्र्याचा कोपरा चुकला तर तो ठोकून सरळ करता येतो, माणसाच्या रागाला कुठे ठोकायचं ते त्यांना कळत नव्हतं. तेव्हापासून ते जावयाशी बोलताना शब्द मोजून वापरायचे. तिथे मात्र त्यांचं माप नेहमी चुकायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात पूर्ण उड्डाण ठरलं. शेतावरून वर, नदीवरून वळसा आणि परत. अरुणभाऊंनी हौसेनं त्याचा सोहळा केला. नारळ, हार, पाहुणे, घरी पुरणाचा स्वयंपाक. नितीननं फोन करून सासऱ्यांना बजावलं होतं, “मी आल्याशिवाय उडवाचं नाही हं मामाजी.” सीमा आदल्या दिवशीच खाप्याला आली होती.

आम्ही उजाडायच्या आत शेतात होतो. हवा इतकी शांत होती की बांधावरचं गवत हलत नव्हतं. विमान तयार होतं. नितीनचा फोन लागत नव्हता. मग लागला. निघतो आहे म्हणाला. रात्री मित्राच्या लग्नाच्या वरातीत नाचून तो उशिरा झोपला होता, हे नंतर कळलं. सर येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, “सर, नारळ फोडून टाका, एक फेरी होऊ द्या. ते आले की दुसरी दाखवू.”

त्यावर अरुणभाऊच म्हणाले, “नाई गा. पह्यलं साल हाय पोरीचं. जावयाले टाकून नारळ फोडू काय? थांबू ना. इमान काई पळून नाई जात.”

नितीन आला तेव्हा ऊन शेतात पार उतरलं होतं. जमिनीतून वाफा निघत होत्या, दूरची झाडं हलल्यासारखी दिसत होती. तो हसत गाडीतून उतरला, सगळ्यांच्या पाया पडला, येताना मिठाई आणली होती ती पुढे केली. सर म्हणाले, “बापू, आज राहू द्या. उद्या पहाटे करू. आता हवा चांगली नाई.”

नितीननं वर पाहिलं. आभाळ निळंशार, वाऱ्याची झुळूक नाही. “हवेले काय झालं?” तो म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. “म्हणजे मी आलो ते फुकटच म्हणा ना. ठीक आहे. सीमा, चल बॅग घे.”

सीमानं वडिलांकडे पाहिलं. मी त्या पोरीला पाढे म्हणताना पाहिलं होतं, अशा नजरेनं पाहताना कधी पाहिलं नव्हतं.

सर म्हणाले, “बरं. एक छोटी फेरी. अरुण, अर्ध्या शेतापर्यंत उचललं नाई, तं बंद करून टाक.”

“काई नाई होत रे,” अरुणभाऊ म्हणाले आणि नितीनला हात करून आत बसले.

अर्धं शेत गेलं. चाकं जमिनीवरच होती. सर ओरडले, “बंद कर!” पण त्या आवाजात त्यांना कसं ऐकू जाणार? किंवा ऐकू गेलंही असेल. सगळी पाहुणेमंडळी बघत होती, नारळ फुटला होता, गळ्यात हार होता. बांधाजवळ विमान उठलं. उठलं पण चढेना. नदीकाठच्या बाभळींवरून ते गेलं असतं तर पुढे मोकळं पात्र होतं. डावा पंख बाभळीत अडकला. सावनेरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच, गाडीत, सरांच्या मांडीवर अरुणभाऊ गेले. मी पुढच्या सीटवर होतो. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लोक जमले. पोलीस आले. “कसं झालं मास्तर?” नितीन भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. सरांचा शर्ट रक्तानं भरला होता. त्यांनी एकदा नितीनकडे पाहिलं, एकदा सीमाकडे, आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, “वजनाची चूक झाली. मी अंदाजे धरलं होतं.”

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. कळमन्याचा काटा मी डोळ्यांनी पाहिला होता. तोंड उघडणार एवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं. पत्रा वाकवणाऱ्या माणसाची पकड होती ती.

पुढे एकटे सापडले तेव्हा मी भांडलोच. मी तसा तापट माणूस आहे. “सर, हे खोटं काहून बोलले तुम्ही? वजन बरोबर होतं. पहाटे उडालं असतं तर आज अरुणभाऊ असते.”

“मले समजत नाई काय?” ते म्हणाले. “पण मी तसं बोललो, तं त्या पोराच्या डोक्यावर जलमभर मुडदा बसते. त्या घरात मंग सीमा कशी नांदन? तो तिच्या तोंडाकडे पाहीन तवा त्याले काय दिसन?” मग म्हणाले, “अन् उशीर त्यानं केला, पण थांबलो मी ना. हवा पातळ झाली हे त्याले समजत नव्हतं. मले समजत होतं.”

हे मात्र खरं होतं.

अरुणभाऊंच्या तेरवीला सर खाप्याला गेले, मीही सोबत होतो. कुसुमताई आतून बाहेर आल्या. त्या दिवशी त्या घरी पुरण वाटत होत्या, शेतात काय घडलं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी रडारड केली नाही, आवाजही चढवला नाही. “भाऊजी,” एवढंच म्हणाल्या, “तुमचं माप म्हणून थे डोळे मिटून बसत होते त्याच्यात. अन् तुम्ही अंदाजे धरलं?” सर मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, निदान इथे सांगतील. एक वाक्य पुरलं असतं. ते नमस्कार करून परत फिरले आणि त्या घराचं दार त्यांना कायमचं बंद झालं. चाळीसेक वर्षांची ये-जा होती त्या घरी.

चौकशी बरेच दिवस चालली, मग थंडावली. संस्थेत मात्र काही थंडावलं नाही. एखाद्या पोराचा पत्रा वाकडा कापला गेला, की ‘झालं का डेहनकर माप!’ आणि हशा. ज्यांनी पेढे वाटताना ते शब्द वापरले होते, तेच मास्तर हसण्यात पुढे. सर दारातून जात असले तरी कुणी जीभ चावत नसे. वर्गात आता ते कुणाला बाहेर उभं करत नव्हते. पोरं ‘अंदाजे’ म्हणायची आणि ते फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. निवृत्तीच्या निरोप समारंभाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. विमानाचे अवशेष वाडीच्या शेडमधून भंगारात गेले.

सर्वांत संताप यायचा तो नितीनचा. चार लोक बसले की तो विषय काढायचा. बारशात, मुंजीत, कुठेही. “आमच्या मामाजींनी इमान बनवलं होतं ना, वजनच मोजाचं भुलले!” लोक कसनुसं हसायचे. सर पंगतीत बसून वरणभात कालवत राहायचे. मी दोनदा ताटावरून उठलो. सर मला बाहेर गाठून म्हणाले, “बोलू द्या त्याले. तो कोणाले सांगून राहिला ते समजते मले.” मला तेव्हा हे समजलं नाही. मला एवढंच दिसत होतं की सीमा सुखात आहे, तिला दोन मुलं आहेत, जावई तिला जपतो आहे. आणि या सगळ्यासाठी सरांनी जे दिलं त्याची टिंगल तोच करतो आहे.

मागच्या उन्हाळ्यात सरांची किडनी गेली. सगळं नितीननंच केलं, हे मला कबूल केलं पाहिजे. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात न्यायचा, उचलून खुर्चीत बसवायचा, नखं कापायचा. मी त्याच्या घरी भेटायला गेलो त्या दुपारी खोलीत कुलर घरघरत होता. सीमा उशाशी बसली होती. “काका, सकाळपासून पाण्याचा घोटही जाऊन नाई राहिला,” ती हळूच म्हणाली. “सगळं उलटून पडते.” सरांचं अंथरुणात काही उरलंच नव्हतं. नितीन पेजेची वाटी घेऊन आला, पण भरवायचं सोडून नुसता चमचा ढवळत राहिला.

“मामाजी,” तो एकदम म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. “एक इचारू? इतकी वर्षं इचाराची हिंमत नाई झाली. त्या दिवशी मी टाइमावर आलो असतो तं... अरुणकाका राह्यले असते का?”

सीमाचा हात वडिलांच्या कपाळावर थांबला. तेव्हा मला इतक्या वर्षांनी उमगलं, की तो माणूस चारचौघांत वजनाची गोष्ट पुन्हा पुन्हा कोणाला पटवत होता. माझा राग तिथल्या तिथे विरला. पण मनात आलं, सर, आता तरी सांगा. पोरगी नांदली, नातवंडं झाली, तुमचं आता कुणी काही बिघडवू शकत नाही. तुमचं नाव तुम्ही परत घेऊन जा.

सरांनी डोळे उघडले. जावयाकडे पाहिलं.

“नाई बापू,” ते म्हणाले. “वजनच जास्त होतं. पहाटे उडवलं असतं तरी पडलंच असतं.”

“खरं ना?”

“माझं इमान होतं. मले नाई माहीत होणार, तं कोणाले?”

नितीननं पलंगाच्या दांडीवर डोकं टेकलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला. सरांनी सलाइन लावलेला हात उचलायचा प्रयत्न केला. तो त्याच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खांद्यावरच पडला आणि तिथेच राहिला. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. “गावंडे,” ते म्हणाले, “ऊन वाढून राहिलं. तुम्ही निघा.”

मी निघालो. दारातून वळून पाहिलं तेव्हा नितीन डोळे पुसून चमचा पुढे करत होता, आणि सर आज्ञाधारक मुलासारखे तोंड उघडून, एकेक घास गिळून, वाटीतली सगळी पेज संपवत होते.